तुळस नव्हते, तरी लग्न लावलं

मी एक जुनी गोड तुळस आहे. पण मित्रांनो, मला तुळस म्हणू नका. नाव दुसरीचं आणि भोग माझे, असं झालं. पान चावलं की गोड लागतं म्हणून लोकांनी तसं नाव ठेवलं. खऱ्या तुळशीशी माझं ना नातं, ना गोत.

जन्म माझा मोर्शीचा. रोपवाटिकेत एक फांदी खुडून मातीत खोचली, तीच मी. प्रणालीने मला माहेराहून कुंडीत बसवून तेल्हाऱ्याला सासरी आणलं. तिच्या सासऱ्यांना, शेषरावांना, साखरेचा आजार. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून बिचारा माणूस फुळकवणी चहा गिळत होता. प्रणालीने माझी दोन पानं चहात उकळली. पहिल्याच घोटाला त्यांनी बायकोला हाक मारली.

"इंदे, लय दिवसानं चहा पेल्यावानी वाटलं वं!"

त्या दिवशी माझा देठ ताठ झाला. का होऊ नये? गोडी मला कुणी दान दिलेली नाही, मी ती कमावते. शाळेची पायरी मी चढले नाही, पण माझ्या पानात काय चालतं ते मला ठाऊक आहे. पानात आधी जो पदार्थ तयार होतो, त्यात गोड म्हणावं असं काहीच नसतं. त्याला गोड करणाऱ्या कारागिरणी पानातच नांदतात. तुमच्या पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. प्रत्येकीच्या अंगाला एक खोबण असते. त्या खोबणीत ज्याची ठेवण नीट बसेल, त्यालाच ती धरते आणि साखरेचा एक मणी जोडते. दुसरी कारागीर दुसऱ्या टोकाला मणी जोडते. तिसरी तर भारी चोखंदळ. आधी मणी असलेलाच ती जवळ घेते, कोरा आला तर ढुंकून बघत नाही. असे मणी जोडत गेले की गोडी चढते. या कारागिरणींना डोळे नाहीत, कान नाहीत. नावगाव त्या विचारत नाहीत, अंगाला अंग लावून पारखतात. माणसाला देवाने दोन डोळे दिले, आणि त्याने ऐकीव नावावर माझा निकाल लावला.

शेषरावांची बायको इंदूबाई म्हणजे त्या घरची कोतवाल. उन्हाळ्यात तिची वृंदावनातली तुळस वाळली होती. तिने मला कुंडीतून उपटलं आणि तिथे बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं, दिवा ठेवला. एवढा मान मला झेपणारा नव्हता. पावसाळा सरता सरता मला कळ्या धरल्या. प्रणाली शेंडे खुडायला आली, तशी इंदूबाई कडाडली.

"काहून वं, तुयशीले नख लावून राहिली? माहेरी हेच शिकवलं काय?"

"आई, हे तुयस नोहोय. हिच्या कळ्या खुडाच लागते. फूल आलं का पानाची गोडी जाते. मंग बाबाच्या चहात काय टाकू?"

"मंजिऱ्या येऊन राहिल्या, देवाले वाहीन म्या. तुयशीचं लगीन लागेपरेंत पानाले हात नाई लावाचा. समजलं?"

प्रणालीने हात मागे घेतला. मी झाड, मला तोंड कुठलं! पांढरी फुलं आली, आणि माझा सगळा कस त्यांनीच ओढून नेला. कार्तिकात उसाचा मांडव घालून माझं लग्न लावलं. बायकांनी अक्षता टाकल्या. नवरीला मात्र कुणी चाखून पाहिलं नाही.

तोवर शेषराव बिनगोडीचा चहा पीत तोंड वाकडं करत होते. लग्न लागलं तेव्हा प्रणालीने पानं टाकली, तर चहाला नुसता पाल्याचा वास. "हे तं गवत हाय!" ते म्हणाले. नवऱ्याचं तोंड इंदूबाईला बघवेना. तिने स्वतःच्या हाताने चमचाभर साखर घातली. "सणासुदीचं काय होते तेवढ्यानं?" सण सरला, चमचा सरला नाही. पुढे एक दिवस शेषरावांना चप्पल चावली. जखम भरेना, चिघळत गेली. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांचा अंगठा काढावा लागला.

आणि शिव्या कुणाला? मला! "फसवी मेली," म्हणत इंदूबाईने मला उपटून न्हाणीमागे फेकलं. साबणाच्या पाण्यावर मी कशीबशी तगले. प्रणालीने मला शोधलं, पुन्हा कुंडीत लावलं आणि कैचीने वाळकी फुलं, शेंडे सगळं छाटलं. नवी पालवी आली. तिचा चहा शेषरावांना दिला, तेव्हा ते पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत म्हणाले, "आता झाला गोड. पण या पायाले कोन सांगन?"

इंदूबाई दारातच उभी होती.

मित्रांनो, झाड घरी आणाल तर आधी त्याची ओळख करून घ्या, नमस्कार मागाहून करा. कुणाला पाणी हवं असतं, कुणाला ऊन, आणि कुणाला वेळेवर खुडणारं नख. माझी पूजा झाली तेवढी काळजी झाली असती, तर तो माणूस आज नीट चालला असता.

इंदूबाई मला आता कुंकू लावत नाही. सकाळी पाणी घालते. कळी दिसली की नखाने खुडते आणि मुठीत दाबून आत जाते. माझ्याकडे बघत मात्र नाही.