एउफेमियाने वेचलेले निळे दाणे

चुलीवर धुरात टांगलेली निळ्या मक्याची कणसं खायची नसतात, ते बियाणं असतं, हे आमच्या डोंगरात शेंबडं पोरही जाणतं. माझी सून यादिरा मात्र शहरातली. मी बाजाराला गेले असताना अवचित पाहुणे आले आणि तिने ती सगळी कणसं उतरवली, दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवले, वाटले आणि भाकऱ्या थापल्या. पाहुणे बोटं चाटत गेले.

मी रिकाम्या दोरीकडे बघत बसले. आईने दिलेलं बी होतं ते. दरवर्षी परसात पेरून टिकवलेलं, आणि आता पेरायला एक दाणा उरला नव्हता.

"मी शिजवण्याआधी दाण्यांवर फुंकर मारली होती, आई," यादिरा रडत म्हणाली. "तुम्ही शिकवलंत तशी. मका आगीला घाबरू नये म्हणून."

अशा पोरीला शिव्या तरी कशा घालायच्या? मीही तिच्याबरोबर रडले.

कुंपणापलीकडच्या एउफेमियाशी माझं हाडवैर, तेही या मक्यावरूनच. तिचा मका पांढरा. माझ्या तुऱ्यांची भुकटी वाऱ्याने पलीकडे जायची आणि तिच्या कणसांत निळे दाणे भरायचे. तुझा मका तुझ्यासारखाच आगाऊ, कुंपणापासून लांब पेर, असं ती दरवर्षी सुनवायची. मी म्हणायची, वाऱ्याला वेसण घाल.

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. मला वाटलं, आमचं रडणं ऐकून जखमेवर मीठ चोळायला आली. तिने शालीची गाठ सोडली, तर आत ओंजळभर निळे दाणे.

"पीठ पांढरं राहावं म्हणून वेचून काढते मी हे," ती म्हणाली.

"मग कोंबड्यांना का नाही घातलेस?"

"बी आहे ते. तुझ्या आईच्या हातचं." मग नेहमीसारखी फणकारली, "पण निव्वळ तुझं नाही हां. बाप तुझा, आई माझी. कणसं सरमिसळ निघतील. निळे दाणे निवडून पेरत राहा, येईल वळणावर."

मला भरून आलं. मी तिचे हात धरून ठेवले.

पाऊस लागल्यावर यादिराने काठीने भोकं पाडली, मी दाणे सोडले. सवयीने मी कुंपणापासून लांब सरकत होते.

"इकडे पेर," पलीकडून एउफेमिया ओरडली. "अगदी कुंपणाला लागून. परत कधी चुकून शिजवलंत, तर माझ्याकडे असू दे."