घरात वाळलेला टी-शर्ट

मैनाबाई चार दिवसांसाठी म्हणून अमरावतीला, राजापेठेत लेकीकडे गेल्या, तेव्हा अंगणातला पारिजातक कळ्यांत होता. आता सडा टाकून टाकून झाडही थकलं होतं. रागिणीचं बाळ आजीला सोडेना.

मागे अकोल्यात राहिले खुशालराव. डॉक्टरांनी साखर पाहून कवायत सांगितली, जावयानं निळा सुळसुळीत टी-शर्ट पाठवला. सकाळी मैदानावर दहाबारा म्हातारे गोल करून हातपाय हलवायचे, मग टपरीवर चहा. दिवसभरात खुशालरावांशी माणूस बोलायचं ते तेवढंच.

पण अलीकडे तो गोल त्यांच्या दोन्ही बाजूंनी विरळ होऊ लागला. शेवटी शेजारी उभे राहणारे जानराव बोलले.

"रागावू नका, खुशालराव. तुमच्या टी-शर्टाले वास येऊन राहिला. काल मले वाटलं बाप्पा, मैदानात म्हैस आली."

सगळे हसले. खुशालरावही हसले. चहाला मात्र थांबले नाहीत.

घरी त्यांनी बादलीत ओंजळभर धुण्याची पावडर टाकली, वरून कपड्यांचं सुगंधी पाणी ओतलं, आणि रोजच्यासारखा टी-शर्ट मधल्या खोलीत, दार लोटून, दोरीवर टाकला. अंगणातली तार रिकामीच. बाप्या माणसानं अंगणात धुणं वाळत घालायचं म्हणजे आळीत दवंडीच, की घरात बाई नाही. विचारेल त्याला ते सांगत, "येऊन राहिली परवा."

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकापर्यंत चालून अंग तापलं, आणि फुलांच्या वासाखालून तोच आंबूस वास वर आला. ते फाटकातूनच परतले. घरी येऊन फोन लावला.

"अवो, घामाचा कपडा बादलीत गोळा करून ठेवता ना?" मैनाबाईंनी विचारलं.

"दुपारपर्यंत."

"तिथंच कुजते तो. अन् जास्तीची पावडर त्यातच बसते. आल्याबरोबर भिजवा, चमचाभर खायचा सोडा टाका. उलटा करून धुवा. सुगंधी पाणी बंद. अन् उन्हात टाका. घरात वाळवता, मले काय मालूम नाही?"

पलीकडे बाळ रडायला लागलं.

"तू कवा येतं?" खुशालरावांनी विचारलं.

"रागिणीच्या ट्युशन हायेत वो. उन्हाळ्यापर्यंत तरी नाही जमत."

बाळाचं रडणं वाढलं. मग फोन ठेवला गेला.

खुशालरावांनी सांगितल्याबरहुकूम टी-शर्ट धुतला, आणि अंगणाचं दार उघडलं. तारेपाशी हात वर करताना मैनाबाई गुणगुणायच्या ती ओवी आठवली:

*उन्हा, ये रे माझ्या दारी, वाळू घातला मी शेला*
*घाम बंधूचा धुतला, वास मातीचा राहिला*

"भाऊ, वैनी नाही आल्या अजून?" कुंपणापलीकडून शेजारच्या पंचफुलाबाईंनी विचारलं.

परवा, हा शब्द ओठावर आला आणि तिथंच राहिला.

"नाही," ते म्हणाले. "नाही येऊन राहिली."

पंचफुलाबाईंनी आपल्या तारेवरचा एक चिमटा काढून पुढे केला. "लावा. वारा हाये."

सकाळी गोलात हात वर केले तेव्हा जानरावांचं कोपर खुशालरावांच्या कोपराला लागलं.

"वैनी आल्या वाटते," जानराव म्हणाले.

"नाही. मीच धुतला."

जानरावांनी कोपर हलवलं नाही. चहा झाल्यावर खुशालराव उठू लागले, तसे म्हणाले, "बसा ना. घरी कोण वाट पाहून राहिलं?"

"बादली," खुशालराव म्हणाले, आणि पुन्हा बसून आणखी अर्धा कप भरू दिला.