रावेरविरुद्ध दिलेला गोल

“आता जे सांगतो, त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. लिहून देतो, बसायचा नाही. माझा स्वतःचाच अजून नीट बसलेला नाही,” असं म्हणून चुडामण आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर झटकली आणि फोटो काढायला बसल्यासारखी पुन्हा नीट डोक्यावर ठेवली.

ऐकायला पारोळ्याहून आलेले दोन पाहुणे होते. एक हीरालाल शेठ. कापडाचे व्यापारी आणि पारोळ्याच्या फुटबॉल संघाचे चिटणीस. कापड जसं उजेडात धरून पाहायचे तसंच माणसाचं बोलणंही पाहायचे. दुसरे भाईदास नाना. त्यांची शेती कापसाची आणि फुटबॉलची समज सरळ होती: आपलं गाव जिंकलं की पंच देवमाणूस, हरलं की पंच चोर.

बैठक बसली होती रावेर स्टेशनाजवळ, जीवराम भाऊंच्या केळीच्या वखारीत. जीवराम भाऊ रावेर संघाचे कप्तान. वॅगनी भरून गेल्या होत्या, दुपार मोकळी होती आणि केळीच्या खोडाच्या सोललेल्या सोपटांच्या ढिगावर, पोत्यांवर, उलट्या टोपल्यांवर अख्खा रावेर संघ येऊन बसला होता.

भानगड अशी होती. येत्या रविवारी जळगावला रावेर आणि पारोळा यांचा अंतिम सामना. पंच म्हणून भुसावळचा एक रेल्वेचा गार्ड ठरला होता. त्याला ऐन वेळी इटारसीकडची ड्यूटी लागली. आता पंच कोण, हे दोन्ही गावांनी आपसात ठरवायचं. आणि त्यासाठी आमच्या पूर्व खानदेशातल्या या फुटबॉलवेड्यांनी स्वतःपुरता एक रिवाज पाडून घेतला होता. ज्याला पंच व्हायचं असेल त्यानं समोरच्या गावाच्या माणसांपुढे बसून, आपण आपल्याच गावाविरुद्ध दिलेला एक निकाल सांगायचा. त्यांना पटला, तर दोन्हीकडच्यांनी मधे ठेवलेल्या ताटलीतला गूळ तोंडात टाकायचा. एकदा गूळ खाल्ला की मैदानात त्यानं काहीही वाजवलं तरी तोंड उघडायचं नाही. म्हणजे सामना संपेपर्यंत. पुढचं वर्षभर शिव्या द्यायला मोकळीक होती.

पारोळेकरांनी आपला माणूस आधीच पाठवून पाहिला होता. त्यानं सांगितलं, “मी एकदा पारोळ्याविरुद्ध थ्रो-इन दिला होता.” रावेरची पोरं एवढी हसली, की तो बिचारा चहा अर्धा टाकून स्टेशनवर जाऊन बसला.

म्हणून आता आबांची पाळी. आणि आबांना ही शिट्टी फार म्हणजे फारच हवी होती. रावेरच्या माळावर पंचगिरी करत त्यांनी उमर घालवली. तिथे गाई आडव्या आल्या तरी खेळ थांबायचा, शिट्टीला कोण विचारतो? पण जळगावचं मैदान! चारी बाजूंना माणसं, मधे आपण, आणि आपण फुंकलं की हजारो माणसं एकदम श्वास धरणार. गुडघे आता कुरकुरत होते. पुढच्या वर्षी ते पळू देतील याची खात्री नव्हती. घरी बायकोनं, भिकुबाईंनी, पंचाची पांढरी हाफपँट नीळ घालून दांडीवर वाळत टाकली होती, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई ती कुणाची म्हणून विचारत होती. आता ती पँट कपाटात परत गेली असती तर आबांनी गावात तोंड कुठे दाखवायचं?

अडचण एकच. चुडामण आबांनी उभ्या जन्मात रावेरविरुद्ध एकही गोल दिला नव्हता. हे वखारीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच पाहुण्यांची गाडी यायच्या आधी जीवराम भाऊंनी सगळ्यांना बजावलं होतं, “आबा काही बी सांगो, कोनी मधे बोलायचं नाही. आपल्या गावचा पंच भेटू राह्यला, नशीब समजा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. झिपरूनं सगळ्यांत जास्त.

झिपरू म्हणजे रावेरचा गोलकीपर. दिवसभर केळीचे घड वॅगनीत चढवायचा. त्याच्या हातून आजवर एक घड निसटला नव्हता आणि, त्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे, एक बॉलही. जे गोल गेले ते पंचांच्या चुकीने, उन्हाच्या तिरपेने किंवा बॉलमधल्या हवेने गेले.

“तर तीन वर्षांमागं,” आबांनी सुरुवात केली. परगावचं कुणी समोर असलं की आबांची भाषा धुऊन इस्त्री करून यायची. “शिरपूरचा संघ इथे आला होता. पंच मी. गोलात हा आपला झिपरू.” त्या सामन्याबद्दलची शिरपूरवाल्यांची कुरकुर तापी उतरून पारोळ्यापर्यंत पोचलेली नाही, याची खात्री आबांनी पाहुण्यांना पाणी देता देताच करून घेतली होती. “शिरपूरकडे छगन नावाचा गडी. पाय कसला, नांगराचा फाळ. अनवाणी खेळायचा, कारण कुठलाच बूट त्याच्या पायात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसे. त्यानं मधून फटका मारला. शेठ, बॉल दिसला नाही, नुसता आवाज आला. गोलाच्या मागे सोपटाच्या दोरीची जाळी बांधली होती, ती फाडून बॉल मागच्या केळीच्या बागेत शिरला. एकामागून एक केळी अशा आडव्या पडत गेल्या! शेवटी एका घडात जाऊन रुतला. तो घड आम्ही नंतर बॉलसकट तोलला.”

“हाई तं भलतंच शे!” भाईदास नाना पुढे सरकले.

झिपरूची छाती फुगली. असा फटका आपल्याला अडवता आला नाही, यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. उलट तो दोन-चार जणांकडे बघून हसलासुद्धा.

हीरालाल शेठ मात्र हसले नाहीत. “आबा, असा गोल तर आंधळासुद्धा देईल. न देऊन सांगतो कुणाला? यात तुमची परीक्षा कुठे झाली?”

जीवराम भाऊंनी वर पत्र्याकडे पाहिलं.

“म्हणून तर म्हणतो, ऐकून घ्या,” आबा म्हणाले. “तो फटका खांबाच्या बाहेरून गेला. त्याचा गोल नाहीच. मी सांगतोय ते त्याच्या नंतरचं. दुसरा फटका हळू होता.”

“हळू म्हनजे?” भाईदास नानांनी विचारलं.

“हळू म्हणजे अगदी हळू. संध्याकाळी जेवून शतपावलीला निघावं तसा बॉल निघाला. वाटेत एक-दोनदा थांबतो की काय असं वाटलं.”

“मंग तुमना गोली काय करी ऱ्हायना व्हता?”

सगळ्यांच्या माना झिपरूकडे वळल्या. आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माफी होती आणि हाफपँटही होती.

“केळ खात होता,” आबा म्हणाले.

झिपरूच्या हातात सोपटाचा एक तुकडा होता, त्याच्या तो चिंध्या करू लागला. जीवराम भाऊंनी हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि उचललाच नाही.

“खेळ चालू असताना?” शेठना गंमत वाटली.

“आमच्याकडे केळाला ना कुठे नसते, शेठ. त्यानं बॉल पाहिला, घाईघाईनं उठायला गेला, तर चड्डीची नाडी सुटलेली. एका हातात केळ, एका हातात नाडी. बॉल आला आणि त्याच्या दोन पायांमधून, हलकेच, त्याला धक्का न लावता आत गेला.”

भाईदास नाना मांडीवर थाप मारून हसले. पारोळ्याच्या माणसाला रावेरची अशी फजिती ऐकायला मिळणं म्हणजे सणच. त्यांचा हात ताटलीकडे गेला. गुळाचा खडा त्यांनी उचललासुद्धा, पण शेठकडे पाहून बोटांतच धरून ठेवला, कारण शेठ अजून कापडाचा पोत तपासत होते.

“पण मग तर सगळ्या गावानं पाहिलं असणार,” शेठ म्हणाले. “गोलीच्या पायातून बॉल गेला, लोकांनी पाहिला, तुम्ही गोल दिला. भांडण कसलं?”

आता दुसरा कुणी असता तर अडकला असता. आबांना मात्र अशा जागीच खरा वारा लागायचा.

“कुणी पाहिला नाही, शेठ. तीच तर मेख. बरोबर त्याच वेळी रुळावरून मेल गेली. इंजिनच्या टपावर एक माकड बसलेलं, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी. सगळा माळ तिकडे वळला. शिरपूरचे खेळाडूसुद्धा. छगनसुद्धा. बॉल आत जाताना पाहणारे सबंध रावेरात दोघेच, मी आणि झिपरू. माणसं परत वळतात तर बॉल जाळीमागे पडलेला. आणि जाळीला ही एवढी भोकं! मधल्या सुटीत बकऱ्यांनी खाल्ली होती. सोपट ओलं होतं ना. त्यामुळे बॉल आतून गेला की खांबाबाहेरून जाऊन मागे थांबला, काही कळायला मार्ग नाही. सगळं गाव म्हणतं, बाहेरून. झिपरू म्हणतो, बाहेरून. जीवराम तर माझ्या तोंडापाशी येऊन म्हणाला, बाहेरून. शिरपूरवालेसुद्धा म्हणाले, आबा, असू द्या, बाहेरून. आणि मी शिट्टी फुंकली. गोल!”

रावेरच्या पोरांना आपण तीन वर्षांमागं शिरपूरकडून हरलो होतो हे आत्ताच कळत होतं, आणि ते गिळायला जड जात होतं.

“बठ्ठा गाव तुमना आंगवर उना व्हई!” भाईदास नाना कळवळून म्हणाले.

“आला तर! विळे घेऊन आला. केळी कापायचे विळे तुम्ही पाहिलेत ना? मी मैदानावरच्या दगडी रोलरवर चढलो आणि म्हणालो, माझं गाव रावेर आहे, पण शिट्टीला गाव नसतं. कापायचं तर कापा. मग एकेकानं विळा खाली टाकला. आमच्या भिकुबाईनं मात्र मला चार दिवस जेवायला वाढलं नाही.”

हीरालाल शेठना बकऱ्यांबद्दल शंका होती, माकडाबद्दल तर खात्रीच होती. पण एक गोष्ट त्यांना पटली होती: आपल्याच गावाची इतकी बेअब्रू परक्यांपुढे कुणी हौसेनं सांगणार नाही. त्यातून ती माणसं भोवती बसली आहेत आणि एकही तोंड उघडत नाही. म्हणजे खरं असलंच पाहिजे.

“पारोळ्यात असा माणूस नाही,” ते म्हणाले.

“आमना पारोळामा असा पंच जन्मनाच नही,” भाईदास नानांनी दुजोरा दिला.

शेठनी गुळाचा खडा उचलला. जीवराम भाऊंनी उचलला. आबांच्या डोळ्यांपुढे जळगावचं मैदान उलगडलं. कडेला माणसंच माणसं, मधे चुन्याची पांढरी रेघ, तिच्यावर नीळ घातलेली हाफपँट. आता फक्त गप्प बसायचं होतं. शेठचा हात तोंडापर्यंत पोचेपर्यंत, एवढंच.

पण पाहुण्याच्या नजरेत एवढा आदर आबांनी कधी पाहिला नव्हता. आणखी एक घास वाढल्याशिवाय त्यांना राहवेना.

“आणि खरं सांगू, शेठ?” ते म्हणाले, आवाज खाली आणून. “त्या दिवशी मला समाधान कशाचं वाटलं? सगळे गेल्यावर हा झिपरू आला. माझे पाय धरले आणि हमसून हमसून रडला. म्हणाला, आबा, तुमचं खरं, गेला होता पायांतून, मला गोलकीपर म्हणवून घ्यायचा हक्क नाही. एवढा धिप्पाड गडी, पण लेकरासारखा...”

जीवराम भाऊंचा हात झिपरूच्या पाठीवरून घसरला, कारण पाठ उठून उभी राहिली होती.

“बस झालं, आबा!” झिपरू ओरडला. “मले केळ खाऊ घातलं, गप बसलो! नाडी सोडली माही, गप बसलो! पायातून बॉल घातला, भाऊसाठी तेही गिळलं! पन मी रडलो? मी? शेठ, सपशेल खोटं हे! छगनचा तो बॉल वरून, कोपऱ्यातून आत घुसला व्हता, कोनाच्या बापाले अडवता आला नसता, आन् सगळ्या गावानं उघड्या डोळ्यानं पाह्यला! आन् आबा, तुमी तो गोल देला कोठं? छगनच्या पुढं आपले सगळे गडी उभे, तरी ऑफसाईड म्हनून शिट्टी फुकली तुमी! मंग गावानं तुमाले खांद्यावर घेऊन पार स्टेशनापर्यंत मिरवलं, तवा तुमचा डावा पाय कोनाच्या खांद्यावर व्हता? माह्याच ना?”