घरच्यांनी सांगायचं नाही

सुलभाताईंनी बटण दाबलं आणि पडद्यावर सगळं एकदम ओतलं गेलं. वर तक्ता, तक्त्याखाली आलेख, आलेखाच्या कुशीत पत्र्याच्या तुकड्याचा फोटो आणि उरल्यासुरल्या जागेत मुंगीएवढ्या अक्षरांच्या ओळी. फोटोवर लाल गोल, गोलातून निघालेला बाण, बाणाच्या टोकाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष.

"ही माझी मुख्य स्लाइड," त्या म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

वेदिकाने खुर्ची जरा मागे घेतली. कोरमंगलातल्या एका डोशाच्या हॉटेलावरची ही तिची खोली. एक टेबल, एक पडदा आणि खिडकीतून येणारा फोडणीचा वास. ज्याला जे बोलायचंय त्याच्या मापानेच शिकवायचं, अशी तिची रीत. मागे एका दंतवैद्याला शाळकरी पोरांपुढे बोलायचं होतं, तर त्याला तिने अक्षरांना हातही लावू दिला नव्हता, नुसती चित्रं शिकवली होती.

"काकू, मी आधी काय वाचू?"

"कुठूनही वाच. सगळं तिथेच आहे."

"तेच तर."

सुलभाताईंना ते लागलं नाही. घरी त्यांनी यजमानांना, नंदकिशोरना, समोर बसवून हीच स्लाइड दाखवली होती, तेव्हा ते लाल गोलापर्यंत पोचायच्या आधीच घोरायला लागले होते. त्यांच्या संशोधन संस्थेने मध्यंतरी सगळ्यांना मिळून एक प्रशिक्षण दिलं, त्यातून त्या एवढंच घेऊन आल्या होत्या की अक्षरं कोलांट्या मारत येऊ शकतात. मग एका मैत्रिणीने वेदिकाचं नाव सांगितलं.

वेदिकाने कामाबद्दल विचारलं आणि त्या सांगत गेल्या. समुद्रकाठच्या पुलांसाठी गंज धरणार नाही असा लेप त्या तयार करत होत्या. लेप दिलेल्या पत्र्यावर मुद्दाम फुलीसारखा ओरखडा काढायचा आणि पत्रा मिठाच्या धुक्याच्या पेटीत टांगून ठेवायचा. ओरखड्यातून गंज आत शिरला, तर लेप नापास. दरवर्षी एक समिती हे बघायला यायची आणि दरवर्षी त्यांचे वरिष्ठ जयतीर्थ सर समितीपुढे बोलायचे. सर मनाने सोन्यासारखे, पण त्यांना शांतता सोसायची नाही. कुठे दोन श्वासांची जागा दिसली की ते ती आकड्यांनी भरून टाकत. गेल्या वर्षी तक्त्यातल्या एका रकान्यात समितीला 'गंज आढळला' एवढंच दिसलं. यंदा शेवटची संधी, नाहीतर प्रकल्प बंद, असं कळवून मंडळी निघून गेली.

"आणि गंज आढळला होता?"

"हो. पण ओरखड्याशी नाही गं." सुलभाताई पुढे झुकल्या. जखमेवरून हात फिरवावा तसं त्यांचं बोट पडद्यावरच्या फोटोवरून फिरलं. "ओरखडा बघ, कसा निर्मळ आहे. लेपाने स्वतःच बुजवलाय तो. गंज धरला तो इथे, वर, टांगायच्या भोकाशी. तिथे लेप पोचलाच नव्हता. म्हणजे दोष लेपाचा नाही, आमच्या टांगण्याचा. हे कुणी पाहिलंच नाही."

"कसं पाहतील? तुम्ही सगळं एकाच ताटात कालवलंय. जरा झाकून ठेवा की."

"छे. झाकलं की लपवलं असं वाटतं. आणि यंदा मीच बोलायचंय, जो काम करतो त्यानेच बोलायचं असा नवा नियम आलाय."

दोन शनिवार हेच चाललं. वेदिका ओळी कमी करायची, सुलभाताई 'असू दे गं' म्हणत त्या परत आणायच्या. दुसऱ्या शनिवारी निघताना चपला घालता घालता त्या म्हणाल्या, उद्या आमच्या कॉलनीत हादगा आहे, ये. पीजीतलं जेवून वाळलीयेस नुसती.

"हादगा म्हणजे भोंडलाच ना?"

"पुण्यात भोंडला, मिरजेत हादगा. हत्ती तोच."

हत्ती कॉलनीच्या गाड्या लावायच्या जागेत पाटावर उभा होता, रांगोळीचा, सोंडेत झेंडूचं फूल घेऊन. बायकांनी फेर धरला होता. मराठी बायकांच्या मध्ये तळमजल्यावरच्या गंगव्वाही होत्या. त्या विजापूरकडच्या. गाण्याचे शब्द निम्मे चुकायचे, पाय मात्र एकही चुकायचा नाही. गाणी संपली तशी सुलभाताई स्टीलचा झाकलेला डबा घेऊन मधोमध उभ्या राहिल्या आणि वेदिकाला वाटलं, ही बाई आपण पाहिलीच नव्हती.

ताटाखाली वाटी गं, वाटीमध्ये काय,
उघडू नको सईबाई, ओळखल्याशिवाय.

एवढं म्हणून त्या गप्प झाल्या. गल्लीतल्या रिक्षांचे आवाज येत राहिले, पण फेर कसा विहिरीसारखा शांत. मग एकेक आवाज वर आला. गोड की तिखट? तिखट. वाजवून दाखवा. त्यांनी डबा कानाशी नेऊन हळूच हलवला, स्वतःच ऐकला आणि मान डोलावली. शेव? नाही. चकली? नाही. कडबोळी? नाही. नंदकिशोर जिन्यात उभे राहून हे बघत होते. त्यांना राहवेना.

"अगं, सांगून टाक. सकाळी मंड्याच्या रेल्वेतून मी..."

"घरच्यांनी सांगायचं नाही," सुलभाताई मागे वळूनही न बघता म्हणाल्या. सगळ्या हसल्या. नंदकिशोरनी तोंडावर बोट ठेवलं.

गंगव्वांनी डोळे मिटून हवा हुंगली. "कांदा," त्या म्हणाल्या. "मद्दूर वडे, रेल्वेत विकतात ते. सरी? बरोबर?"

झाकण उघडलं, तोवर प्रत्येकीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. वेदिकाने वडा खाल्ला आणि डब्याकडे बघत राहिली. मग तेलकट बोटांनीच तिने फोनमध्ये काहीतरी लिहून ठेवलं.

पुढच्या शनिवारी तिने सुलभाताईंच्या मुख्य स्लाइडवर कात्री चालवली. तक्ता गेला, आलेख गेला, बाण गेला. उरला फक्त फोटो, पडदाभर. मग तिने सुलभाताईंच्या हाताने त्या फोटोवर एक राखाडी चौकोन काढून घेतला, पूर्ण झाकेल एवढा.

"हे काय?"

"डब्याचं झाकण. तुम्ही बटण दाबाल तेव्हाच उघडेल. कोलांट्या नाहीत, काही नाहीत. नुसतं उघडेल."

सुलभाताईंनी बटण दाबलं. चौकोन गेला, पत्रा दिसला. पुन्हा मागे जाऊन त्यांनी तो झाकला. पुन्हा उघडला. पोरीने नवी बाहुली निजवावी-उठवावी तसं बराच वेळ चाललं. मग त्यांचा हात थांबला.

"पण अगं, ती मोठी माणसं. त्यांच्यापुढे डबा वाजवायचा?"

"मोठ्यांना भूक नसते का?"

सराव सुरू झाला. झाकणापर्यंत सगळं सुरेख जायचं. लेप सांगितला, ओरखडा सांगितला, मिठाचं धुकं सांगितलं, 'गंज कुठून धरला असेल?' असं विचारलं, की लगेच त्यांचं बोट बटणावर पडायचं. शांतता त्यांनाही सोसत नव्हती. ही खोड सरांची, त्या ओशाळून म्हणाल्या, इतकी वर्षं शेजारी बसून लागली.

"हादग्यात किती वेळ थांबता?"

सुलभाताईंनी जरा विचार केला. "कुणीतरी हरलो म्हणेपर्यंत."

"मग?"

अडचण एकच राहिली. संस्थेत समितीला सगळ्या स्लाइडांची छापील प्रत आधी द्यावी लागे. वेदिका म्हणाली, छापातही झाकण तसंच ठेवा. रागावतील गं. रागावू देत, वर तर बघतील. घरी जाताना सुलभाताई रिक्षात स्वतःशीच काही पुटपुटत होत्या आणि उजव्या हाताचं बोट डाव्या तळव्यावर टेकवून तसंच धरत होत्या. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. सिग्नल हिरवा झाला तरी ते बोट हललं नाही.

समितीच्या दिवशी त्या अंजिरी रंगाची इरकल नेसून आल्या. लांब टेबलाच्या त्या टोकाला अध्यक्ष बसले होते, पिकल्या भुवयांचे गृहस्थ, छापील प्रत मांडीवर घेऊन. कुणाच्या हातात फोन होता, कुणाच्या हातात बिस्कीट. जयतीर्थ सर सुलभाताईंच्या शेजारी बसले. वयाने वर्षभर लहान म्हणून ते त्यांना अक्का म्हणायचे.

"काही लागलं तर मी आहेच, अक्का," ते हळूच म्हणाले.

"माहितीये सर. म्हणूनच सांगते, काही लागणार नाही."

त्या उभ्या राहिल्या. बोलणं इंग्रजीत होतं, पण लय त्यांच्या ओळखीची होती. एक गोष्ट सांगायची, ती पोचू द्यायची, मग दुसरी. पूल आला, समुद्र आला, फुलीचा ओरखडा आला. मग पडद्यावर राखाडी चौकोन आला.

"याखाली गेल्या वर्षीचा तोच पत्रा आहे," त्या म्हणाल्या. "गंज धरलाय. तुम्हाला काय वाटतं, कुठून धरला असेल?"

आणि त्या गप्प झाल्या.

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बिस्कीट चावणारं तोंड थांबलं. शेजारी खुर्ची करकरली, त्यांना न बघताही कळलं. जयतीर्थ सर माइककडे वाकले होते.

"सर, ॲक्च्युअली तो गंज..."

"सर," सुलभाताई म्हणाल्या, "घरच्यांनी सांगायचं नाही."

शब्द इंग्रजी होते, चाल मिरजेची. सर वाकलेलेच राहिले, मग हसू दाबत सावकाश मागे टेकले.

"ओरखड्यातूनच की," एक सदस्य म्हणाले. "उघड आहे."

सुलभाताईंनी मान हलवली. नाही.

"मग लेप खालूनच सुटला असेल," दुसऱ्या बाई म्हणाल्या. त्यांनी फोन पालथा ठेवला होता. तेही नाही.

अध्यक्षांनी प्रतीचं पान उलटलं. तिथेही राखाडी चौकोन. त्यांनी आणखी एक पान उलटलं, परत मागे आले, त्या चौकोनाच्या कडेवरून नख फिरवलं. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदाच पडद्याकडे नाही, सरळ सुलभाताईंकडे बघितलं.

सुलभाताईंचं बोट बटणावर टेकलं.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "उघडू नका. एवढंच सांगा, ओरखड्याच्या जवळ, की लांब?"

सुलभाताईंनी रिमोट टेबलावर ठेवला आणि त्यावर हात पालथा धरला.

"लांब," त्या म्हणाल्या. "आता ओळखा."