दोन वेढे

कारकूनबाईंनी कागद तिसऱ्यांदा तिच्यापुढे सरकवला. या वेळी पेनाचं टोपणही काढून दिलं.

"शेवटची ओळ वाच आणि सही कर. उद्या समेटाचा कार्यक्रम आहे, खुर्च्यासुद्धा मांडून झाल्या."

मांडीवरच्या लेकीने कागदाचा कोपरा तोंडात घातला होता. तिने तो सोडवला. ओळ एव्हाना पाठ झाली होती: मी यांना क्षमा केली आहे. तिच्या वर जुन्या गल्लीतल्या चावीवाल्याचा जबाब, आयोगाचा शिक्का आणि चावीवाल्याची सही. तो समोरच बसला होता, पेन अजून डाव्या हातात धरून.

जबाबात लिहिलं होतं: त्या रात्री मी बंदूकवाल्यांना यांचं घर दाखवलं. दार उघडंच होतं.

त्या रात्री घरात सगळ्यांत शेवटी तीच आली होती. बाबांना नेलं ते नेलंच. आई पुढे दोन वर्षं जगली आणि मधूनच विचारत राहिली, "तू लावलं होतंस ना गं?" तेव्हापासून कुठलंही दार लावलं की ती तीनदा ओढून बघायची. मघाशी या खोलीचंही बघितलं, तेव्हा बाई हसल्या होत्या. "इथून काय चोरणार कोणी? फायली? त्या आम्हालाच सापडत नाहीत."

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"अगं, सगळ्यांनी केली. जुनं उकरून काय मिळणार आता?"

"जुनं उकरायलाच आयोग बसवलाय ना?"

तिने लेकीच्या पिशवीतून, लंगोटांच्या खालून, फडक्यात गुंडाळलेलं पितळी कुलूप काढलं. पुढे घराचं दार बदललं तेव्हा तिने त्यातलं हे कुलूप जपून ठेवलं होतं. कुलूप टेबलावर चावीवाल्यापुढे ठेवून तिने शेजारी स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

"उघडा."

"बाळ, इतक्या वर्षांनी यातून काय..."

"बाळ म्हणू नका. उघडा."

लहानपणी ती त्याला चावीकाका म्हणायची.

कुलूप हातात येताच त्याची बोटं आपसूक चालू लागली. आतली एकेक पिन काढून तो कागदावर ठेवत गेला, खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघत गेला. मग थांबला. लेकीने पिनांकडे हात टाकला, तो तिने मुठीत धरून ठेवला. आता तो काहीही म्हणू शकला असता. खोलीत दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे तिला सकाळी कुलूप बांधून घेतानाही माहीत होतं.

"किल्लीने पिना गुळगुळीत होतात," तो शेवटी म्हणाला. "यांच्यावर ओरखडे आहेत. किल्लीशिवाय उघडायला तारेचा आकडा घातल्याचे. आणि सगळे एकाच बाजूला... डावखुऱ्याचे."

बाईंची नजर त्याच्या हाताकडे गेली.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"दार उघडं नव्हतं." त्याने घसा खाकरला. "आतून किल्लीचे दोन वेढे दिलेले होते. मी आकड्याने उघडलं; वेळ लागला म्हणून त्यांनी मला शिव्या घातल्या. उघडं होतं म्हटलं, की माझ्या वाट्याला फक्त घर दाखवण्याचाच दोष येत होता."

"दोन?" तिने विचारलं.

"दोन."

तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं. इतकं, की ती कुरकुरली.

"हे लिहा," ती बाईंना म्हणाली. "त्याखाली सही करते. क्षमेच्या ओळीखाली नाही. आणि उद्या त्या खुर्च्यांसमोर यांनी स्वतः वाचायचं."

"अगं, पण साहेबांना मी काय सांगू?"

"सांगा, ऐकायला या म्हणून."

बाईंनी उसासा टाकून नवा कागद घेतला. लिहून झालं, दोघांच्या सह्या झाल्या. चावीवाला सवयीने पिना परत कुलपात बसवू लागला.

"राहू द्या तसंच. सुटंच फाइलला लावा."

बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं. हात पुन्हा कडीकडे गेला. आत बाई लिहिलेलं मोठ्याने वाचून तपासत होत्या. लेकीने तिचे केस ओढले.

तिने कडी सोडली आणि जिना उतरू लागली.