मेट्रोनोमची किल्ली

सोलापुरात वेणीमाधव मास्तरांची पेटी कायम तबल्याच्या पुढे पळे. "रामनवमीला पुन्हा पळालात, तर साथीला दुसरा बघेन," असं कीर्तनकारबुवांनी बजावलं, तेव्हा मास्तरांनी मुंबईहून टकटक ताल देणारा मेट्रोनोम मागवला. किल्ली देऊन ते रोज स्वयंपाकघराच्या दाराशी सरावाला बसत.

एका संध्याकाळी अख्खी गत न पळता वाजली. मास्तर हरखले. "पाहिलंस का गं? यंत्र ते यंत्र!"

"त्याची किल्ली मघाशीच उतरलीय की," भाकरी थापता थापता यशोदाबाई म्हणाल्या.

काटा खरंच थांबला होता. मास्तर इतका वेळ भाकरीच्या थापांवरच वाजवत होते.

"मग रामनवमीला कसं गं?"

"येते की परात घेऊन. तुमची गत संपेपर्यंत पीठ तेवढं पुरायला हवं."