गोळाभातावरचं तेल

प्रमिलाबाईंनी गोळे मोजले. एकवीस. सहा माणसांना तीन-तीन आणि तीन नैवेद्याला. जाडसर बेसन, ओवा, तिखट, हळद, तेलाचं मोहन. सगळं अंदाजाने, पण अंदाज चुकला नव्हता. हात थरथरत नाही, हे धाकट्या सुनेला, प्रज्ञाला, दिसेल अशा बेताने त्या ओट्यापाशी उभ्या होत्या.

आज परीक्षा होती. महिन्यापूर्वी अंकुरच्या इथे, आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या एकसारख्या इमारतींत त्यांनी चुकून शेजारच्या इमारतीतलं भलतंच दार वाजवलं होतं. वॉचमन हमदुल्लाने त्यांना घरी आणून सोडलं. तेव्हापासून घरात एकच विषय होता: आईंना आता विसर पडतो, त्यांना वर्ध्याच्या वृद्धाश्रमात ठेवावं. धाकटा अंकुर म्हणाला होता, "आई, शनिवारी दादा-वहिनी येतील. तू गोळाभात कर. दादाला दिसू दे, तू ठणठणीत आहेस ते. मग विषय खलास."

थोरला गुणवंत अबुधाबीहून, अल रीम आयलंडवरून गाडीने आला. बायको शोभना पर्स न ठेवताच स्वयंपाकघरात शिरली.

"आई, तुम्ही गॅसजवळ? प्रज्ञा, तू कशी काय परवानगी दिलीस गं?"

"त्यांना कोण अडवणार, ताई," प्रज्ञा म्हणाली.

"परवानगी काहून लागते? मी काय शाळेत आहे?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तसं नाही हो. आज मीठ टाकल्याचं लक्षात आहे ना, एवढंच विचारते."

"तुझ्या लग्नातल्या मानापानाचं सगळं लक्षात आहे. मिठाचं काय घेऊन बसलीस!"

भात अर्धा शिजला तसे त्यांनी गोळे अलगद वर मांडले, आच बारीक केली आणि झाकण ठेवलं.

"मी दिवा लावून येते. झाकण उघडायचं नाही. डाव तर घालायचाच नाही, गोळे फुटतात."

"आमच्या पुण्याला मसालेभात मधूनमधून हलवतात," शोभना म्हणाली.

"हा मसालेभात नाही."

दिवा, उदबत्ती, वीस मिनिटं. नैवेद्याचं ताट घेऊन त्या परत आल्या आणि झाकण उचललं. एकही गोळा उरला नव्हता. बेसन भातात कालवलं जाऊन पिवळा गिच्च लगदा झाला होता. बेसिनमध्ये पिठाने माखलेला डाव पडला होता.

त्यांच्या मागून शोभनाने पातेल्यात डोकावलं आणि हळहळल्यासारखं केलं. "अरेरे. आई, हलवलंत वाटतं? हल्ली विसरता ना..."

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "प्रज्ञा, तू इथेच होतीस. डाव कोणी घातला?"

प्रज्ञाने ताटं पुसायला घेतली. "मी फोनवर होते, आई."

एवढ्यात प्रज्ञाची सात वर्षांची आभा पाण्याची बाटली भरायला आली. "मोठी आई स्टर्ड इट, आजी. विथ द बिग स्पून. मम्मा सॉ."

"आभा, आत जा," प्रज्ञा म्हणाली.

"खाली लागत होता म्हणून जरासा हलवला," शोभनाचा आवाज चढला. "घरदार जळू द्यायचं होतं का? पोरीला चहाड्या शिकवा आता!"

आवाज ऐकून दोघे भाऊ दारात आले. प्रमिलाबाई गुणवंतकडे वळल्या. "ऐकलंस? मी विसरले नव्हते."

गुणवंतने मोबाइल खिशात टाकला. "कोणी का हलवेना, आई. त्याने काय फरक पडतो? मंगळवारचं तुझं नागपूरचं तिकीट काढलंय."

"कधी काढलंस?"

त्याने अंकुरकडे पाहिलं. अंकुर जमिनीकडे पाहत म्हणाला, "बुधवारी."

परीक्षेच्या तीन दिवस आधी.

"बसा सगळे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "भात थंड होईल."

त्यांनी तोच लगदा सगळ्यांना वाढला, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. मग कढल्यात तेल तापवलं, मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या टाकल्या. घमघमाट बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. गोळाभातावर हे तेल पडल्याशिवाय कोरडं बेसन घशाखाली उतरत नाही; वर्ध्याच्या घरी ते नेहमी त्याच वाढत.

कढलं घेऊन त्या बाहेर आल्या. गुणवंतने न विचारता भातात बोटांनी आळं केलं, लहानपणी करायचा तसंच.

त्या त्याच्या पानावरून पुढे गेल्या. शोभनाच्या, अंकुरच्या, प्रज्ञाच्या. आभाच्या भातावर त्यांनी तेल घातलं, उरलेल्यातलं थोडं स्वतःच्या पानात.

"आई, इकडे राहिलं," गुणवंत म्हणाला.

"विसरले," प्रमिलाबाई म्हणाल्या.

बाकीचं तेल त्यांनी बेसिनमध्ये ओतलं आणि नळ सोडला. तडतड थांबली. मग शोभनाला ठसका लागला. पाणी द्यायला कोणी उठलं नाही.